ह्यूगो २०२२: सहा कादंबऱ्या आणि त्यांचा पसंतीक्रम

ह्यूगो म्हणजे विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दरवर्षी मतदानाने दिला जाणारा पुरस्कार. त्याच्या मतपत्रिकेवर एका आवडत्या नावापुढे खूण करून मोकळं होता येत नाही. यादीत सहा कादंबऱ्या असतात आणि त्यांना एकपासून पुढे क्रमांक द्यायचे असतात. ‘नो अवॉर्ड’, म्हणजे यंदा कुणालाच नको, हा सातवा पर्यायही त्याच रांगेत असतो. पहिल्या पसंतीची सगळ्यात कमी मतं मिळालेलं पुस्तक आधी बाद होतं आणि त्याची मतं त्या त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कुणाच्या तरी पारड्यात निम्म्याहून जास्त मतं पडेपर्यंत हे चालू राहतं. त्यामुळे थोड्यांना जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसं असलेलं पुस्तक सहसा मागे पडतं. बहुतेकांच्या पहिल्या तिनात असलेलं पुढे सरकतं. म्हणून दुसरा आणि तिसरा क्रमांक देतानाही पहिल्याइतकाच विचार करावा लागतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये शिकागोत भरलेल्या ऐंशीव्या वर्ल्डकॉनची, म्हणजे जिथे ह्यूगो दिले जातात त्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाची, कादंबऱ्यांची यादी यासाठी फार चांगला नमुना आहे. सहाही पुस्तकं वाचनीय, एकही उगाच घुसलेलं नाही, आणि तरी वाचकांची मतं इतकी वेगवेगळी की दोघांचे क्रम जुळणं मुश्कील. यादी अशी: आर्केडी मार्टिन यांची ‘अ डेसोलेशन कॉल्ड पीस’, बेकी चेंबर्स यांची ‘द गॅलक्सी, अँड द ग्राउंड विदिन’, रायका आओकी यांची ‘लाइट फ्रॉम अनकॉमन स्टार्स’, पी. जेली क्लार्क यांची ‘अ मास्टर ऑफ जिन’, अँडी वीअर यांची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ आणि शेली पार्कर-चॅन यांची ‘शी हू बिकेम द सन’. पुरस्कार मार्टिन यांना मिळाला.

या यादीवरचा एक वाद आधीच बाजूला ठेवू. सहापैकी दोन पुस्तकं सरळसरळ अद्भुतकथा आहेत आणि तिसऱ्यात सैतानाशी करार आहे. मग ही विज्ञानकथेच्या पुरस्कारात कशी, असं विचारणारे वाचक दरवर्षी भेटतात. ह्यूगोचा नियम दोन्ही प्रकारांना जागा देतो. कादंबरीसाठी अट आहे ती लांबीची, ४०,००० शब्द किंवा अधिक. तेव्हा जिन आणि भुतं आहेत म्हणून कुणाचे गुण कापण्यात अर्थ नाही.

गुण कापायचे तर दुसऱ्या कारणासाठी. विज्ञानकथा असो की अद्भुतकथा, लेखक सुरुवातीला एक नियम घालून देतो: या जगात अमुक शक्य आहे, तमुक नाही. तो नियम पुढे पात्रांना कुठे महागात पडतो, हे मी प्रत्येक पुस्तकात शोधतो. नियम नुसता शोभेला असेल, किंवा अडचणीच्या वेळी लेखकानेच तो वाकवला असेल, तर भाषा कितीही देखणी असो, पुस्तक खाली सरकतं. खालचा क्रम या एकाच कसोटीवर लावला आहे. कुठल्याही पुस्तकाचा शेवट फोडलेला नाही.

‘प्रोजेक्ट हेल मेरी’पासून सुरुवात करतो, कारण वाचकांचे सरळ दोन तट पडले ते हिच्यावर. ॲस्ट्रोफेज नावाचे सूक्ष्मजीव सूर्याची ऊर्जा खातात, शुक्रावर जाऊन तिथल्या कार्बन डायऑक्साइडवर वाढतात आणि परत सूर्याकडे येतात. सूर्य मंदावत चालला आहे. आसपासच्या ताऱ्यांना हीच लागण झाली आहे, फक्त सुमारे १२ प्रकाशवर्षांवरचा टाऊ सेटी शाबूत आहे. तो का वाचला हे पाहायला तिघांना पाठवलं जातं. त्यातला रायलंड ग्रेस जागा होतो तेव्हा बाकीचे दोघे मेलेले असतात आणि त्याला स्वतःचं नावही आठवत नसतं.

वीअर यांची ताकद अशी की ॲस्ट्रोफेज हा एकच शोध आजार आहे आणि औषधाकडे नेणारं इंधनही तोच. जिवंत पेशीचं तापमान कायम ९६.४१५ अंश सेल्सियस. त्याहून जास्त उष्णता दिली तर ती पेशी साठवून ठेवते आणि एका ठराविक तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. त्या प्रकाशाच्या रेट्यावर ती अवकाशात पळते, आणि त्याच रेट्यावर माणसं यान चालवतात. हे ठरल्यावर लेखक हिशेब टाळत नाही. यानाला लागणारं इंधन वाढवायचं तर प्रचंड उष्णता हवी, म्हणून सहारा वाळवंट काळ्या पत्र्यांनी झाकायला घेतलं जातं. त्याने हवामान बिघडतं, मग तेही सावरावं लागतं. एक नियम, आणि त्याची बिलं एकामागून एक येत राहतात.

दुसऱ्या ताऱ्याहून आलेल्या रॉकीची रचना याहून सरस आहे. त्याच्या ग्रहावर अमोनियाचं वातावरण, दाब पृथ्वीच्या २९ पट, तापमान २१० अंश. एवढ्या दाट हवेतून उजेड जमिनीपर्यंत पोचत नाही, म्हणून तिथल्या जिवांना डोळेच नाहीत. ते आवाजाने ‘पाहतात’ आणि सुरांच्या जुड्यांनी बोलतात. पाच हातापायांना तीन-तीन बोटं, एका वेळी दोन हात वापरायची सवय, म्हणून त्यांची मोजणी सहाच्या पटीत. इथवर कुणीही हुशार लेखक येईल. वीअर पुढे जातात. ज्यांनी प्रकाश पाहिला नाही, त्यांनी सापेक्षतेचा सिद्धांत मांडलेला नाही. मग त्यांनी प्रवासाचा हिशेब जुन्या गणिताने केला आणि गरजेहून कितीतरी जास्त इंधन बरोबर आणलं. दाट हवेच्या पांघरुणाखाली राहणाऱ्यांना किरणोत्सर्ग माहीत नाही. मग यानातले २३ पैकी २२ जण कशाने मेले हे रॉकीला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, ग्रेस सांगेपर्यंत. हवेचा दाब ठरवला तिथेच ती २२ प्रेतं ठरली. विज्ञानकथेत याहून चांगला कार्यकारणभाव क्वचित वाचायला मिळतो.

दोष कुठे? ग्रेस आणि रॉकीची भाषा जुळते तो भाग वाचकांना सगळ्यात आवडतो, आणि तडजोडही तिथेच आहे. सुरुवात नेटकी होते: घड्याळ दाखवून अंक, अंकांवरून काळ, लॅपटॉपवर सुरांचं पृथक्करण, प्रत्येक सूरजुडीसमोर शब्द. रॉकीची स्मरणशक्ती कधीच विसरत नाही, त्यामुळे तो भराभर शिकतो हे पटतं. ग्रेस मात्र थोड्याच दिवसांत यंत्राकडे न पाहता नुसत्या कानाने ती भाषा समजू लागतो, आणि त्याला काही आधार दिलेला नाही. पुढची धावपळ चालू राहावी म्हणून अडचण गुंडाळली आहे. दुसरी तक्रार माणसांबद्दल आहे. मोहिमेची प्रमुख स्ट्रॅट हिला सगळ्या सरकारांनी अमर्याद अधिकार दिले आहेत, त्यामुळे पृथ्वीवरच्या प्रकरणांत विरोध करायला कुणी उरतच नाही. ग्रेसची आठवणही कथानकाला हवी तेव्हा आणि हवी तेवढीच परत येते. बाकी सगळे एकाच थट्टेखोर सुरात बोलतात, असं म्हणणाऱ्या वाचकांचं मला पटतं. ‘यात माणसंच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांचं पटत नाही. रॉकी आहे की. क्रमांक दोन.

ही कादंबरी ऐकणार असाल तर रे पोर्टर यांच्या आवाजातली ध्वनिआवृत्ती घ्या. रॉकीचं बोलणं त्यात खऱ्या सुरांत ऐकू येतं, आणि छापील पानावर जे नुसतं संगीताच्या खुणेने दाखवलं आहे ते तिथे कानाला कळतं. आकडेमोडीची पानं ऐकताना मात्र निसटतात, म्हणून तेवढा भाग पुस्तकातून पुन्हा वाचावा.

पहिला क्रमांक ‘अ डेसोलेशन कॉल्ड पीस’ला, आणि पुरस्कार मिळाला म्हणून नव्हे. हाही परग्रहवासीयांशी पहिल्या भेटीचा प्रसंग, पण वीअर यांच्या अगदी उलट्या टोकाचा. वीअर यांच्याकडे दोन्ही बाजू गणितावर एक होतात. मार्टिन विचारतात, समोरचा तुम्हाला ‘कुणीतरी’ मानायलाच तयार नसेल तर?

टेक्सकलान साम्राज्याच्या सीमेवर एक शत्रू आला आहे. त्याच्या संदेशयंत्रणेतून मिळालेला आवाज ऐकला की माणसांना मळमळतं. तिथल्या ताफ्याची प्रमुख नाइन हिबिस्कस भाषातज्ज्ञ मागवते. राजधानीतून थ्री सीग्रास निघते आणि वाटेत लसेल नावाच्या छोट्या अवकाशस्थानकावरून तिथली राजदूत माहीत झ्मारे हिला बरोबर घेते. दोघी आधी ते आवाज तुकड्या-तुकड्यांनी ऐकतात, कुठला आवाज जवळ येताना आणि कुठला दूर जाताना निघतो ते जुळवतात, मग स्वतः ते आवाज वाजवून उत्तर देतात. पेलोआ-२ नावाच्या भाजून काढणाऱ्या वाळवंटी ग्रहावर, घाम गाळत, चित्रं काढत वाटाघाटी होतात. प्रगती होते आहे असं वाटतं आणि तरी काहीतरी निसटतं. ते निसटणं हाच पुस्तकाचा गाभा: ज्यांचं मन सामायिक आहे त्यांना बोलण्याची गरजच नाही. त्यांनी काढलेले आवाज म्हणजे त्यांची भाषा नव्हेच.

आता मार्टिन यांची बांधणी पाहा. सामायिक मनाची कल्पना पुस्तकात तीन ठिकाणी आहे. माहीतच्या मेंदूच्या तळाशी इमागो नावाचं यंत्र आहे, त्यात तिच्याआधीच्या राजदूताची आठवण आणि स्वभाव साठवलेला. म्हणजे पिढ्यानपिढ्यांचं सामायिक मन. साम्राज्याच्या छोट्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना नव्या तंत्राने एकमेकांच्या शरीराची जाणीव होते. म्हणजे बरोबरीच्यांचं सामायिक मन. आणि तिसरा शत्रू, पूर्णच सामायिक. प्रत्येकाची किंमत वेगळी. इमागोमुळे माहीतचं स्वतःचं असं काय उरलं हे तिलाच कळेनासं होतं, शिवाय तिचं स्थानक ते गुपित जिवापाड जपतं. वैमानिकांच्या बाबतीत तर एकाचा मृत्यू सगळ्यांना भोगावा लागतो, आणि ते प्रसंग वाचताना हात थांबतो. तिन्ही धागे शेवटी एकाच निर्णयावर येऊन मिळतात, आणि त्या निर्णयात साम्राज्याचा वारस, एट अँटिडोट नावाचा अकरा वर्षांचा मुलगा, मोठ्यांच्या बरोबरीने उभा असतो. नियमाने एवढं काम केलेलं बाकीच्या पाच पुस्तकांत नाही.

तक्रारी आहेतच. सुरुवातीचा भाग संथ आहे. माहीत आणि थ्री सीग्रास नौदलाच्या जहाजावर पोचेपर्यंत धीर धरावा लागतो. दोघींमधला रुसवा खरा आहे, पण तेच भांडण एकदा जास्त आलं आहे. संख्या आणि वस्तू जोडून केलेली नावं पहिल्या ५० पानांत गोंधळात टाकतात. एका कागदावर नाव आणि हुद्दा लिहून ठेवला की काम सोपं होतं. आणि ही मालिकेतली दुसरी कादंबरी आहे. आधीची ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’, जिला २०२०चा ह्यूगो मिळाला, ती न वाचता हिला हात घालू नये. कथानक कळेल, पण इमागोचं दुखणं कळणार नाही.

तिसरी ‘द गॅलक्सी, अँड द ग्राउंड विदिन’. वेफेरर्स मालिकेतली चौथी आणि शेवटची. गोरा नावाच्या निर्जीव ग्रहावर अवकाशप्रवासी पुढच्या बोगद्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबतात. उपग्रहांची साखळी कोसळते, उड्डाणं बंद होतात, संपर्क तुटतो, आणि वेगवेगळ्या जातींचे तीन पाहुणे, एक मालकीण आणि तिचं वयात येणारं पोर एका थांब्यावर अडकून पडतात. एवढंच. खलनायक नाही, लढाई नाही. ‘यात काही घडत नाही’ ही हिच्यावरची ठरलेली तक्रार.

घडतं, पण सोयीसुविधांच्या पातळीवर. स्पीकर नावाची पाहुणी मिथेनमध्ये श्वास घेते, म्हणून सगळ्यांबरोबर बसायचं तर तिला बंद यंत्रपोशाखातच बसावं लागतं. तिच्या जातीचं आयुष्य जेमतेम वीस वर्षांचं, आणि आजारी बहीण वर कक्षेत एकटी. पेई गालांवरच्या रंगांनी बोलते, तिला ऐकू येत नाही. रोवेगला बरेच पाय आहेत, म्हणून दारं आणि बाकं त्याला कशी सोसतात याचा विचार यजमानीणबाई आधीच करून ठेवते. चेंबर्स प्रत्येक देहाची गरज इतकी बारकाईने लिहितात की कुणाशी सभ्यपणे वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कोणती खुर्ची, कोणती हवा, कोणतं खाणं, हे दिसत राहतं. माणसं चीज कसं करतात हे ऐकून बाकीच्यांची जी अवस्था होते तो प्रसंग सगळ्या मालिकेत सरस आहे. पेई आणि स्पीकर यांचं युद्धावरून जुंपतं तिथे पुस्तक सगळ्यात धारदार आहे: दोघींचं बरोबर, आणि मध्यममार्ग नाही. मला खटकतं ते एवढंच, की मधल्या प्रकरणांत पात्रं आपापल्या समाजाची माहिती एकमेकांना जरा जास्तच नीट समजावून सांगतात. मालिकेतली आधीची तीन वाचली नसली तरी चालेल. पेईचा माणूस-जोडीदार कोण हे पहिल्या पुस्तकात आहे, पण त्यावाचून अडत नाही.

‘शी हू बिकेम द सन’ चौथी. चीनमधल्या मिंग घराण्याच्या संस्थापकाची कहाणी इथे एका मुलीची केली आहे. १३४५च्या दुष्काळात ज्योतिषी भावाला थोर भविष्य सांगतो आणि मुलीला ‘काहीच नाही’. भाऊ मरतो, ती त्याचं नाव आणि त्याचं भविष्य दोन्ही उचलते. पहिला भाग, दुष्काळ आणि मठ, हा सहाही पुस्तकांतला सगळ्यात घट्ट गद्याचा नमुना आहे. नियमही चोख: ज्याला स्वर्गाचा कौल मिळाला त्याच्या हातात तो उजेड होऊन दिसतो, आणि भुकेली भुतं काहींना दिसतात. मुलीची भीती अशी की आपण तो भाऊ नाही हे स्वर्गाला एक दिवस कळेल. मंगोल राजपुत्राच्या पदरी असलेला नपुंसक केलेला सेनापती ओयांग आला की पुस्तकाची सूत्रं त्याच्याकडे जातात. अनेक वाचकांना तोच जास्त भावतो, आणि तोल तिथेच जातो. लढाया थोडक्यात उरकल्या आहेत. दोन भागांतला हा पहिला भाग असल्याने शेवटी काही दारं उघडी राहतात. लेखकाला त्याच वर्षी नवोदितांसाठीचा ॲस्टाउंडिंग पुरस्कार मिळाला, तो रास्तच.

पाचवी ‘लाइट फ्रॉम अनकॉमन स्टार्स’. व्हायोलिन शिकवणाऱ्या शिझुका सातोमीने सैतानाशी करार केला आहे. सहा शिष्यांचे आत्मे देऊन झाले, सातवा हवा. तिला सापडते कात्रिना, घरातून पळालेली ट्रान्स मुलगी, जी व्हिडिओ गेममधलं संगीत वाजवते. लॉस एंजेलिसजवळ सान गॅब्रिएल खोऱ्यात डोनटचं दुकान चालवणारी बाई प्रत्यक्षात आंतरतारकीय युद्धातून पळालेली यानाची कप्तान असते. एवढं सगळं एका पुस्तकात मावतं हेच नवल. संगीताची पानं अस्सल आहेत: बार्टोक या संगीतकाराचं एकल व्हायोलिनसाठीचं सोनाटा का अवघड आहे, वाद्याची दुरुस्ती करणारा हात काय ऐकतो. डोनटांची प्रतिकृती यंत्राने हुबेहूब निघते आणि तरी गिऱ्हाईक परत का येत नाही, हेही छान उकललं आहे. कात्रिनाला मिळणारी हिणवणूक वाचताना त्रास होतो. ज्यांना असे प्रसंग सोसत नाहीत त्यांनी आधी माहिती घेऊन वाचावं. माझी हरकत कराराबद्दल आहे. इतका कडक करार मांडल्यावर त्यातून निघणारी वाट फार हलकी वाटते, आणि अवकाशयानाचा धागा कराराच्या धाग्याला नेमका नको तिथे सोडवायला येतो. नियम वाकला.

‘अ मास्टर ऑफ जिन’ सहावी, आणि हे अनेकांना रुचणार नाही, कारण तिने त्याच वर्षी नेब्युला हा याच क्षेत्रातला दुसरा मोठा पुरस्कार जिंकला. १९१२चं कैरो, काही दशकांपूर्वी परत आलेले जिन, वसाहतवाद्यांना पिटाळून महासत्ता झालेला इजिप्त, इंग्रजी सूट आणि बोलर टोपी घालणारी सरकारी तपासनीस फातमा. हे जग सहाही पुस्तकांत सगळ्यात सुंदर आहे. क्लार्क इतिहासकार आहेत, आणि रस्ते, मशिदी, ट्राम, जर्मन कैसरच्या खांद्यावर बसलेला गॉब्लिन, सगळं जिवंत वाटतं. पण ही खुनाच्या तपासाची कथा आहे, आणि तपासकथेचा नियम असा की वाचकाने तपासनिसाच्या फार पुढे जाता कामा नये. इथे मुखवट्यामागे कोण हे बहुतेक वाचक अर्ध्यातच ओळखतात आणि फातमा मात्र कितीतरी उशिरा. तिची हुशारी आपल्याला सांगितली जाते, कामातून दिसत नाही. आधी ‘अ डेड जिन इन कैरो’ ही कथा जरूर वाचा. कादंबरी तिच्यातल्या घटना गृहीत धरून चालते.

मतपत्रिका भरताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, खालच्या क्रमांकांनी वरच्याचं नुकसान होईल या भीतीने लोक दोन-तीन नावांवर थांबतात. नुकसान होत नाही: तुमचं वरचं पुस्तक शर्यतीत असेपर्यंत खालच्या क्रमांकांकडे कुणी पाहतच नाही. उलट थांबलात, आणि तुमची सगळी नावं बाद झाली, तर शेवटच्या दोन पुस्तकांत कोण यावर तुमचं काही म्हणणंच उरत नाही. दोन, ‘नो अवॉर्ड’चा वापर. एखादं पुस्तक पुरस्काराच्या लायकीचं नाही असं वाटत असेल तर ‘नो अवॉर्ड’ला क्रमांक देऊन ते त्याच्या खाली ठेवावं. ‘नो अवॉर्ड’ न लिहिता नुसती जागा कोरी सोडली तर तो निषेध मोजला जात नाही. मोजणीच्या शेवटी विजेत्याची ‘नो अवॉर्ड’शी समोरासमोर तुलना होते, तिथे हा क्रम कामाला येतो. २०२२च्या यादीत मी तो सातवा ठेवेन. क्लार्क यांची कादंबरी सहावी असली तरी तिला पुरस्कार मिळण्यापेक्षा कुणालाच न मिळणं बरं, असं म्हणायला काही कारण नाही.